ई-मेलचा तिसरा फायदा

माझ्या हस्ताक्षरातल्या त्या नोट्स अजून माझ्याकडे आहेत. पहिल्या पानावर ‘संगणक नेटवर्क आणि इंटरनेट : प्राथमिक ओळख’ असं ठळक अक्षरांत लिहून खाली दोन रेघा मारल्यात. नसरापूरला मी संगणकाचा क्लास घ्यायचे, तेव्हा मुलांना झेपेल असं मराठी पुस्तक मिळेना, म्हणून मीच बावीस पानं लिहून काढली आणि झेरॉक्स करून वाटली. चौदाव्या पानावर प्रश्न आहे : ‘ई-मेलचे फायदे लिहा.’ खाली पाच मुद्दे. त्यातला तिसरा असा होता : ‘पत्र हरवत नाही. आपण उघडेपर्यंत ते सर्व्हरवर सुरक्षित राहते.’ हे वाक्य मी लिहिलं, फळ्यावर शिकवलं, पोरांकडून पाठ करून घेतलं. त्याच्या भरवशावर राहून मी विंझरच्या एका मुलीचं काय केलं, ते सांगायचं आहे.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी चोवीस वर्षांची होते आणि भोरहून रोज एसटीनं नसरापूरला यायचे. क्लास म्हणजे खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या, सहा मशीन आणि एक मॉडेम. फोनची लाइन खालच्या दुकानाची आणि आमची एकच. नेट लावलं की मॉडेम किंचाळायचं, आणि त्याहून मोठ्यानं दुकानदार जिन्यातून ओरडायचे, “ओ मॅडम, फोन सोडा, गाडीवाल्याचा फोन यायचाय!” त्यामुळे नेट आठवड्यातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. बाकीचं सगळं इंटरनेट मी सुतळीवर शिकवलं.

सुतळीवर म्हणजे खरोखरच्या सुतळीवर. सहा जणांना खोलीत गोल उभं करायचं, प्रत्येकाच्या हातात सुतळीचं एक टोक, बाकीची सगळी टोकं मधे उभ्या असलेल्याच्या मुठीत. तो हब. प्रत्येकाच्या छातीला टाचणीनं आकडा लावलेला, तो त्याचा आयपी पत्ता. मग निरोपाचा एक कागद चार तुकड्यांत फाडायचा, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आकडा, घेणाऱ्याचा आकडा आणि तुकड्याचा क्रमांक लिहायचा. ही झाली पॅकेट्स. तुकडे मागेपुढे पोचायचे, पण क्रमांकानं लावले की वाक्य जुळायचं. मधेच मी मुद्दाम एखादा तुकडा पदराआड लपवायचे. तेव्हा घेणाऱ्यानं ओरडायचं, “तिसरा आला नाही, परत पाठवा!” याला प्रोटोकॉल म्हणतात, असं मी सांगायचे, आणि पोरं इतक्या आनंदानं ओरडायची की खालून दुकानदार झाडूच्या दांड्यानं छताला ठोके द्यायचे.

विंझरची ती मुलगी ओरडायची नाही. ती प्रश्न विचारायची. बारावी झालेली, सकाळी घरचं आवरून वेल्ह्याच्या एसटीनं यायची, आणि पावसाळ्यात तिच्या पायांच्या नखांत खाचरातली माती असायची. एकदा सगळे तुकडे पोचले, वाक्य जुळलं, टाळ्या झाल्या, आणि ही म्हणाली, “मॅडम, पर घेणाराच घरी नसला तर? तुकडे कुणाकडं ऱ्हात्यात?”

“सर्व्हरकडे.”

“आन सर्व्हर किती दिस सांभाळतो?”

मला माहीत नव्हतं. पण समोर पंधरा-वीस पोरं बसलेली, आणि मी मॅडम. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. मी म्हटलं, “तुम्ही उघडेपर्यंत सांभाळतो. तो काय तुमच्यासारखा विसरभोळा आहे?” वर्ग हसला. तिनं खाली मान घालून ते वहीत लिहून घेतलं.

आता अब्बांच्या फोनबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या वडिलांचं भोरमध्ये घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि आमच्या आळीतला पहिला फोन त्या दुकानात आला. त्या काळी ज्याच्याकडे फोन नाही तो शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे ‘पी.पी.’ लिहायचा. लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, दुकानांच्या पाट्या, सगळीकडे आमचा नंबर आणि पुढे पी.पी. निम्म्या आळीची सुखदुःखं आमच्या दुकानातून आत यायची. अब्बांनी फोनशेजारी एक शाळेची पाटी टांगली होती. निरोप आला की खडूनं पाटीवर लिहायचा, मी धावत जाऊन तो सांगायचा, आणि ज्याचा निरोप त्याच्या कानावर पडल्यावरच पाटी पुसायची. एकदा मी माणूस घरी नव्हता म्हणून त्याच्या दाराच्या फटीत चिठ्ठी सरकवून आले आणि पाटी पुसली, तर अब्बांनी माझा कान धरला होता. “बेटा, निरोप म्हंजे अमानत हाय. माणूस भेटला का? न्हाई ना? मग पाटी पुसली कशी?”

तर अशा घरात वाढलेली मी. अभ्यासक्रमात लिहिलं होतं की प्रत्येक विद्यार्थ्यानं स्वतःचं ई-मेल खातं उघडावं. पण एक खातं उघडायला त्या लाइनवर वीस मिनिटं जायची, मधेच लाइन तुटायची, दुकानदार ओरडायचे. मी एकच खातं उघडून दाखवलं, माझं, फुकटात मिळणाऱ्यांपैकी. आणि मुलांनीच विचारलं, “मॅडम, तुमचाच पत्ता देऊ का? पी.पी. म्हणून?”

मी हसले आणि हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. सगळ्यांची पत्रं माझ्या हातून जाणार, मी वर्गात येऊन ‘तुझं पत्र आलंय बरं का’ असं म्हणणार, आणि पोरं माझ्याकडे बघत राहणार. अब्बांच्या दुकानाचा रुबाब मला माझ्या क्लासात हवा होता. वरव्याच्या एका मुलाला त्याच्या दुबईतल्या मामाचं पत्र आलं, ते मी छापून दिलं, तेव्हा त्याची आई मला भेटायला आली होती. मी आठवडाभर हवेत होते.

त्या उन्हाळ्यात विंझरच्या मुलीनं एक अर्ज भरला. पुण्यात एका संस्थेत नेटवर्क जोडणीचं आणि दुरुस्तीचं दोन वर्षांचं शिक्षण होतं, मुलींना राहायची सोय होती, निवड मुलाखतीनं. जाहिरात मीच वर्गात वाचून दाखवली होती. तिच्या घरी त्याच वेळी पाहुण्यांची बोलणी चालू होती. तिचे वडील तिला म्हणाले होते, “गणपतीपस्तोर बोलावणं आलं तर जा बाई, म्या आडवत न्हाई. न्हाई आलं तर पावण्यांना होकार कळिवतो.” हे तिनं मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना ती इतकी खूश होती की मलाच भीती वाटली. बापानं दार उघडं ठेवलं होतं, फक्त बोलावणं यायला हवं होतं.

अर्जावर छापलं होतं : ‘मुलाखतीची सूचना ई-मेलद्वारे पाठवली जाईल.’ खाली रकाना. तिनं माझा पत्ता सुबक अक्षरांत लिहिला आणि पुढे, सवयीनं, कंसात ‘पी.पी.’ मी ते पाहिलं. ‘ई-मेलला पी.पी. नसतं गं,’ असं म्हणावंसं वाटलं, पण मग नसतं तर काय असतं, हेही सांगावं लागलं असतं. अर्ज तसाच गेला.

आषाढात हायवेच्या रुंदीकरणाचं काम जोरात होतं. एक दिवस यंत्राच्या फावड्याखाली फोनची केबल आली आणि नसरापूरचे आमच्या बाजूचे सगळे फोन मुके झाले. पाऊस इतका की खड्ड्यात पाणी आणि पाण्यात केबल. आज दुरुस्त होईल, उद्या होईल, असं करत आठवडे गेले. दुकानदार आता माझ्यावर ओरडत नव्हते, रस्त्यावर जाऊन कंत्राटदाराच्या माणसांवर ओरडत होते. मी सहा मशीन आपसांत जोडून शिकवत राहिले. बाहेरचं जग बंद, तरी आमचं छोटं नेटवर्क चालू आहे बघा, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितल्याचं आठवतं.

दुसऱ्या आठवड्यात मुलगी क्लास सुटल्यावर मागं थांबली. “मॅडम, भोरला स्टँडसमोर ते नेटचं दुकान निघालंय म्हनं. तुमी रोज तितनंच जाता. येकदा बघता का पत्र आलंय का?”

“अगं, पत्र कुठं पळून जातंय? सर्व्हरवर आहे ना. लाइन आली की बघू.”

चौथ्या आठवड्यात ती पुन्हा थांबली. या वेळी तिनं धीर करून विचारलं, “मग तुमचा पासवर्ड सांगाल का? म्या भोरला जाऊन बघती.” मी तिला रागावले. पासवर्ड कधी कुणाला सांगायचा नसतो, हे नोट्सच्या सोळाव्या पानावर आहे, वाचलं नाहीस का? ती म्हणाली, “वाचलंय मॅडम,” आणि दप्तर उचलून एसटी गाठायला गेली.

भोरच्या त्या दुकानात मी का गेले नाही, याची मी पुष्कळ कारणं स्वतःला दिली आहेत. तिथं मागच्या बाकांवर पोरं भलतंसलतं बघत बसायची, हे खरं होतं. आळीतली कुणी बघितलं तर बोलतील, हेही होतं. पण मूळ कारण फार क्षुल्लक होतं. ते दुकान ज्यानं काढलं तो आधी माझ्याकडे शिकून गेला होता, आणि त्याच्याकडे आता अखंड लाइन होती. त्याच्या खुर्चीवर बसून ‘माझी मेल बघायचीय’ म्हणायला मला कमीपणा वाटत होता. रोज संध्याकाळी मी एसटीतून उतरायचे आणि त्या पाटीकडे न बघता घरी जायचे.

सहा आठवड्यांनी, गणपती अगदी तोंडावर आले तेव्हा, लाइन आली. मुलगी त्या दिवशी माझ्या खुर्चीमागे उभी होती. मॉडेमनं आवाज काढला, पान हळूहळू वरून खाली उतरलं, मी पासवर्ड टाकला. आत पत्रांच्या यादीऐवजी इंग्रजीत एक सूचना होती. तीस दिवस खातं वापरलं नाही, म्हणून ते बंद केलं आहे आणि आतली सगळी पत्रं काढून टाकली आहेत. पुन्हा सुरू करायचं असल्यास इथं दाबा. मी दाबलं. खातं सुरू झालं. आत एकच पत्र होतं, कंपनीनं माझं स्वागत केल्याचं.

मागून ती म्हणाली, “रिकामं हाय.”

तिनं ती इंग्रजी सूचना वाचली होती का, मला माहीत नाही. पान फार वेळ पडद्यावर नव्हतं. मी वळले नाही. पडद्याकडे बघतच म्हणाले, “बहुतेक आलंच नसेल गं. खूप अर्ज असतात त्यांच्याकडे.” माझ्या आयुष्यात मी इतक्या सहज खोटं कधी बोलले नव्हते. ती म्हणाली, “बरं.” जिना उतरताना तिच्या चपलांचा आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

दुसऱ्या दिवशी मी अब्बांच्या दुकानातून त्या संस्थेत फोन लावला. मनातून मला एवढंच ऐकायचं होतं की पत्र पाठवलंच नव्हतं. तिकडच्या बाई सभ्य होत्या. त्यांनी यादी बघून सांगितलं, बोलावणं पाठवलं होतं, नंतर आठवणही पाठवली, ती परत आली. मुलाखती होऊन आठ दिवस झाले, जागा भरल्या. पुढच्या वर्षी अर्ज करा. मग त्यांनी कुतूहलानं विचारलं, “त्या अर्जावर ई-मेलपुढे पी.पी. लिहिलंय, ते काय असतं हो?” मी फोन ठेवला.

अब्बा डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात बघत होते. त्यांना माझ्या बाजूचं बोलणं सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी भिंग काढलं आणि सगळं विचारून घेतलं, सर्व्हर, खातं, तीस दिवस. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण एक गोष्ट नेमकी कळली. “म्हंजे माणसाला सांगायच्या आदीच त्यांनी पाटी पुसली.”

“हो.”

“आन तू?”

मी फोनची वायर उलगडत बसले.

“तू तिला काय सांगितलं?”

मी सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त उठले, टोपी घातली, दुकानाची फळी लावली आणि म्हणाले, “चल, गाडी हाय आता वेल्ह्याची.” मी रडायला लागले. मला राग आला होता, त्यांचा, त्या कंपनीचा, त्या कंत्राटदाराचा, मुलीचासुद्धा. तिनं स्वतःचं खातं का नाही उघडलं, असाही विचार माझ्या मनात आला. मीच उघडू दिलं नव्हतं, हे आठवायला नसरापूर यावं लागलं.

विंझरला उतरलो तेव्हा भुरभुर चालू होती. तिचे वडील प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर घेऊन बांधावर उभे होते. “या चाचा, या म्याडम,” म्हणत त्यांनी ओट्यावर घोंगडी टाकली. त्यांना वाटलं, मी काहीतरी चांगलं सांगायला आले. मुलगी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारात थांबली. मी सगळं सांगितलं. शब्द सुचत नव्हते, म्हणून नोट्ससारखं क्रमानं सांगितलं. बोलावणं आलं होतं. मी बघितलं नाही. तिनं दोनदा सांगूनही बघितलं नाही. आता मुलाखती झाल्या. आणि काल मी तिच्याशी खोटं बोलले.

वडिलांनी डोक्यावरची खोळ काढून झटकली. “म्हंजी बोलावणं आल्तं?”

“हो.”

“काल सांजच्यालाच पावण्यांकडं होकार धाडला म्या. हिनंच सांगितलं, आलं न्हाई म्हणून.” मग माझा चेहरा बघून तेच म्हणाले, “जाऊ द्या म्याडम. तुमी तरी काय मुद्दाम केलं का? च्या घ्या.”

अब्बांनी विचारलं, “दादा, एक वरीस थांबता येत न्हाई का?” वडिलांनी हात जोडले आणि म्हणाले, “चाचा, शब्द दिलाय.” अब्बांनी मान हलवली. शब्द म्हणजे काय हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार होतं. चहा आला, गुळाचा. तो मला घोट घोट करून संपवावा लागला.

निघताना मुलगी रस्त्यापर्यंत आली. मला वाटलं, आता ती मला काहीतरी लागेलसं बोलेल, आणि मी ते ऐकून घ्यायला तयार होते. तिनं फक्त विचारलं, “मॅडम, त्यांनी सांगितलं का, माझी निवड झाली असती का ते?”

“मुलाखत झाल्याशिवाय ते कसं सांगतील?”

“मग ते मला कदीच कळायचं न्हाई,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, वर्गात एखादी गोष्ट समजल्यावर ती जशी बोलायची तशीच बोलली. एसटी आली आणि आम्ही चढलो.

दिवाळीआधी क्लासची परीक्षा झाली. तिचं लग्न तुळशीनंतर ठरलं होतं, पण परीक्षा तेवढी देऊ द्या म्हणून ती आली. लेखी पेपर मीच तपासायचे. सहावा प्रश्न ई-मेलच्या फायद्यांचा होता, प्रत्येक मुद्द्याला एक गुण. तिनं पहिला मुद्दा लिहिला होता, दुसरा लिहिला होता. मग तीनचा आकडा, कंस, आणि पुढे पूर्ण ओळ कोरी. खाली चौथा, पाचवा व्यवस्थित. बाकी संपूर्ण पेपरात तिनं एकही जागा मोकळी सोडली नव्हती. मी पाचपैकी चार लिहिले, खोडून पाच केले, पुन्हा चार केले. शेवटी काय ठेवलं ते आठवत नाही, इतकी खाडाखोड झाली होती.

त्यानंतर मी प्रत्येक मुलाला पहिल्याच आठवड्यात स्वतःचं खातं उघडायला लावलं, दुकानदार कितीही ओरडले तरी. आणि नोट्सच्या मूळ प्रतीवर, चौदाव्या पानावर, तो तिसरा मुद्दा मी पांढऱ्या शाईनं आकड्यासकट पुसून टाकला. पुढचे आकडे बदलायचं राहिलं. नव्या बॅचला झेरॉक्स वाटली, ई-मेलच्या पानावर आलो, आणि मागच्या बाकावरचा कुणीतरी, सुतळीचा खेळ चांगला लक्षात असलेला, मोठ्यानं ओरडला, “मॅडम, तिसरा आला नाही, परत पाठवा!”

सगळा वर्ग हसला. सगळे माझ्याकडे बघत होते. “झेरॉक्समधे गेलाय, पुढं चला,” मी म्हटलं, आणि वळून फळा पुसायला लागले. त्या दिवशी फळ्यावर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं.